धूळ, धाप आणि दावा : प्रस्तावना

कारखान्यातल्या अपघाताला तारीख असते, वेळ असते, पाहणारे असतात. हात यंत्रात गेला, बॉयलर फुटला, परांचीवरून माणूस पडला, की पंचनामा होतो, मुकादमाचा जबाब होतो आणि भरपाईच्या कायद्याचे चाक फिरू लागते. कामगारांच्या भरपाईचे सुरुवातीचे कायदे असेच प्रसंग डोळ्यांसमोर ठेवून लिहिले गेले. अ‍ॅस्बेस्टॉसच्या आजाराला यातले काहीच नसते. धूळ छातीत जाते तेव्हा दुखत नाही. माणूस रोज कामावर जातो, घरी येतो, संसार करतो. वीस, तीस, कधी चाळीस वर्षांनी जिना चढताना धाप लागू लागते. तोवर नोकरी संपलेली असते, कारखाना विकला गेलेला किंवा बंद पडलेला असतो आणि हजेरीपट रद्दीत गेलेला असतो. डॉक्टर विचारतात, काम कुठे करत होता? वकील विचारतात, पुरावा काय? या दोन प्रश्नांच्या मधल्या काळात काय घडले, हे सांगण्यासाठी हे पुस्तक लिहिले आहे.

आधी या पदार्थाबद्दल. अ‍ॅस्बेस्टॉस हे तंतुमय खनिजांच्या एका गटाचे नाव. व्यापारात मुख्यतः तीन प्रकार चालले: पांढरा क्रायसोटाइल, निळा क्रोसिडोलाइट आणि तपकिरी अमोसाइट. खाणीतून निघतो दगड, पण तो कापसासारखा पिंजता येतो, कातता येतो, विणता येतो. तो जळत नाही, कुजत नाही. वाफेवर चालणाऱ्या युगाला नेमके हेच हवे होते. बॉयलरचे वेष्टण, जहाजातल्या नळ्या, मोटारीचे ब्रेक, आग विझवणाऱ्यांचे कपडे, सिमेंटचे पत्रे, पाण्याचे पाइप अशा असंख्य ठिकाणी तो जाऊन बसला.

ज्या गुणामुळे तो उपयोगी ठरला, त्याच गुणामुळे तो घातक आहे. डोळ्यांना न दिसणारे त्याचे तंतू श्वासाबरोबर फुप्फुसाच्या तळापर्यंत पोहोचतात. शरीराच्या संरक्षक पेशी त्यांना गिळायला धावतात, पण लांब तंतू त्यांना गिळवत नाही आणि विरघळवताही येत नाही. वर्षानुवर्षे दाह चालू राहतो, फुप्फुसात वण धरत जातात, ते ताठर होते. हा अ‍ॅस्बेस्टोसिस. दुसरा आजार फुप्फुसाचा कर्करोग. अ‍ॅस्बेस्टॉसच्या जोडीला तंबाखूचा धूर असेल तर त्याचा धोका कितीतरी पटींनी वाढतो. तिसरा मेसोथेलिओमा, म्हणजे फुप्फुसाच्या किंवा पोटाच्या आवरणाचा कर्करोग. एरवी तो अतिशय दुर्मीळ, आणि निदान झाल्यावर बहुतेकांच्या हाती थोडेच महिने उरतात. स्वरयंत्राच्या आणि बीजांडकोशाच्या कर्करोगाशीही अ‍ॅस्बेस्टॉसचा संबंध सिद्ध झाला आहे. कामाच्या जागी झालेल्या अ‍ॅस्बेस्टॉसच्या संपर्कामुळे जगात दरवर्षी दोन लाखांहून अधिक माणसे मरतात, असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे.

हा इतिहास इंग्लंडच्या लँकेशायरमधल्या रॉचडेल गावापासून सांगावा लागतो. ते कापडगिरण्यांचे गाव. कापूस पिंजण्याची आणि कातण्याची यंत्रे थोड्या फेरफाराने अ‍ॅस्बेस्टॉससाठी वापरली गेली. मुंबईच्या गिरणगावात ज्यांच्या घरचे कोणी कार्डिंग खात्यात होते, त्यांना त्या खात्यातल्या हवेची कल्पना असेल. रॉचडेलच्या कार्डिंग खात्यात कापसाच्या पेळूऐवजी दगडाचे तंतू उडत होते, एवढाच फरक.

१८९८ साली ब्रिटनच्या महिला कारखाना-निरीक्षकांपैकी ल्यूसी डीन यांनी वार्षिक अहवालात नोंद केली, की या धुळीचे कण सूक्ष्मदर्शकाखाली काचेच्या कपच्यांसारखे धारदार दिसतात आणि हवेत राहिले तर अपाय करतात. पुढच्याच वर्षी लंडनच्या चेरिंग क्रॉस रुग्णालयात डॉ. माँटेग्यू मरे यांच्याकडे एक तेहतीस वर्षांचा कामगार आला. कार्डिंगच्या खोलीत त्याच्याबरोबर काम करणारे दहा जण होते आणि त्यांतला तो एकटाच उरला होता. पुढे तोही गेला. डॉ. मरे यांनी १९०६ मध्ये सरकारी समितीपुढे ही हकिकत सांगितली. समितीने भरपाईच्या आजारांची यादी केली, तिच्यात अ‍ॅस्बेस्टॉस आला नाही. म्हणजे विसावे शतक उजाडताना निरीक्षकाने पाहिले होते, डॉक्टरने पाहिले होते, सरकारने ऐकलेही होते.

यादीत नाव नसण्याचा अर्थ काय, हे नेली कर्शॉ या कामगार बाईच्या हकिकतीतून नीट कळते. ती रॉचडेलच्या टर्नर ब्रदर्स कारखान्यात अ‍ॅस्बेस्टॉसचे सूत कातत असे. १९२२ मध्ये तिला काम झेपेना. डॉक्टरांनी दाखल्यावर अ‍ॅस्बेस्टॉसची विषबाधा असे लिहिले. आजारपणाचा विमा देणाऱ्या संस्थेने सांगितले, हा धंद्यातला आजार आहे, कारखान्याकडे मागा. कारखान्याने सांगितले, असा आजार यादीत नाही, आम्ही बांधील नाही. नऊ आठवडे घरी बसून आहे, एक पैसा मिळाला नाही, माझे काय करणार आहात, असे तिने मालकांना कळवले. १४ मार्च १९२४ रोजी तेहतिसाव्या वर्षी ती वारली. अंत्यविधीच्या खर्चाला हातभार लावला तर जबाबदारी मान्य केल्यासारखे होईल, म्हणून कंपनीने तोही दिला नाही. डॉ. विल्यम कुक यांनी तिची फुप्फुसे तपासून त्याच वर्षी ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये लेख लिहिला आणि १९२७ मध्ये या आजाराला नाव दिले. आज जगभरच्या डॉक्टरांच्या पुस्तकांत ते नाव आहे. त्या बाईच्या कुटुंबाला मात्र त्याचा उपयोग झाला नाही.

१९३० मध्ये ब्रिटिश सरकारचे डॉ. मेरवेदर आणि अभियंता प्राइस यांनी कामगारांची पद्धतशीर पाहणी प्रसिद्ध केली. तपासलेल्या ३६३ जणांपैकी सुमारे चौथा हिस्सा या आजाराने पछाडला होता आणि नोकरीची वर्षे वाढतील तसे प्रमाण चढत होते. १९३१ मध्ये नियम झाले, भरपाईची योजना झाली. पण हे नियम कारखान्यातल्या ठरावीक खात्यांपुरतेच होते. गोदीत बॉयलरला वेष्टण चढवणारा, इमारतीत पाइप गुंडाळणारा कामगार त्यांच्या बाहेर राहिला, आणि पुढे सर्वांत जास्त माणसे गेली ती अशाच कामांतली.

यानंतरच्या तीस वर्षांचा इतिहास वाचताना राग येतो, आणि तो यावा असेच मला वाटते. १९३५ मध्ये अमेरिकेतल्या रेबेस्टॉस-मॅनहॅटन कंपनीचे प्रमुख समनर सिम्पसन आणि जॉन्स-मॅनव्हिल कंपनीचे वकील व्हँडिव्हर ब्राउन यांच्यात पत्रव्यवहार झाला. या विषयावर जितके कमी बोलले जाईल तितके आपल्या हिताचे, असा त्यातला सूर होता. ही पत्रे कपाटात पडून राहिली आणि चार दशकांनी न्यायालयांत पुरावा म्हणून उभी राहिली. कंपन्यांच्या पैशावर न्यूयॉर्क राज्यातल्या सारानाक प्रयोगशाळेत उंदरांवर प्रयोग झाले. उंदरांना गाठी झाल्या. प्रमुख शास्त्रज्ञ वारल्यावर पैसे देणाऱ्यांनी ठरवले, की कर्करोगाचा उल्लेख गाळून अहवाल छापावा, आणि तसाच तो छापला गेला. १९५५ मध्ये रिचर्ड डॉल यांनी रॉचडेलच्या जुन्या कामगारांत फुप्फुसाच्या कर्करोगाचा धोका सुमारे दहापट असल्याचे दाखवले, तेव्हा तो लेख प्रसिद्ध होऊ नये म्हणून तिथल्या कंपनीने खटपट केली. जर्नलच्या संपादकांनी तिला दाद दिली नाही.

मग तीन अभ्यास पाठोपाठ आले. १९६० मध्ये दक्षिण आफ्रिकेतल्या वॅग्नर आणि सहकाऱ्यांनी केप प्रांतातल्या निळ्या अ‍ॅस्बेस्टॉसच्या खाणपट्ट्यातले मेसोथेलिओमाचे ३३ रुग्ण नोंदवले. त्यांतले अनेक जण खाणीत कधी उतरलेच नव्हते, नुसते त्या परिसरात राहिले होते. १९६४ मध्ये न्यूयॉर्कच्या डॉ. अर्व्हिंग सेलिकॉफ यांनी वेष्टण-कामगारांच्या युनियनच्या नोंदी घेऊन मृत्यूंचा हिशेब मांडला. कंपन्यांनी नोंदी दिल्या नाहीत, युनियनने दिल्या, हे ध्यानात ठेवण्यासारखे आहे. १९६५ मध्ये लंडनमध्ये न्यूहाउस आणि थॉम्पसन यांनी मेसोथेलिओमाच्या ७६ रुग्णांचा पूर्वेतिहास खणून काढला. ३१ जणांनी अ‍ॅस्बेस्टॉसचे काम केले होते. नऊ जण अशा कामगारांच्या घरातले होते, मुख्यतः नवऱ्याचे कामाचे कपडे झटकून धुणाऱ्या बायका. उरलेल्यांपैकी अकरा जण कारखान्यापासून अर्ध्या मैलाच्या आत राहत होते. धूळ फाटकाशी थांबत नाही, हे आता आकड्यांनी सिद्ध झाले.

इथून पुस्तकाचा दुसरा भाग सुरू होतो, तो न्यायालयांचा. कायद्यापुढे तीन अडचणी होत्या: मुदत, माहिती आणि कारण. दावा अमुक वर्षांत करायचा, पण ही मुदत मोजायची कधीपासून? धूळ छातीत गेली त्या दिवसापासून, की आजार कळला तेव्हापासून? १९६३ मध्ये ब्रिटनच्या हाउस ऑफ लॉर्ड्सपुढे धुळीनेच फुप्फुसे गेलेल्या पोलाद-कामगारांचा कार्टलेज विरुद्ध जॉपलिंग हा खटला आला. आजार कळण्याआधीच मुदत संपली होती, आणि कायद्याच्या शब्दांपुढे न्यायाधीशांनाही हात टेकावे लागले. निकाल इतका उघड अन्यायाचा होता, की त्याच वर्षी संसदेने कायदा बदलला. आजार कळला तेव्हापासून मुदत, हे तत्त्व हळूहळू अनेक देशांत रुजले.

माहितीचा प्रश्न सुटला तो टेक्सासच्या क्लॅरेन्स बोरेल यांच्या खटल्यात. १९३६ पासून तेहतीस वर्षे ते वेष्टणाचे काम करत होते. संध्याकाळी नाकातून मुठीमुठीने धूळ निघायची, नाकात मेंथोलेटम लावायचो, असे त्यांनी साक्षीत सांगितले. धूळ चांगली नाही हे माहीत होते, पण ती आत विरघळून जात असेल असे वाटायचे, हेही सांगितले. खटला उभा राहण्यापूर्वीच ते वारले आणि पत्नीने तो पुढे चालवला. १९७३ मध्ये फेडरल अपील न्यायालयाचे न्यायमूर्ती जॉन मायनर विझ्डम यांनी निकाल दिला. उत्पादकाला आपल्या मालाबद्दल तज्ज्ञाइतके ज्ञान असलेच पाहिजे. धोका माहीत असून किंवा माहीत करून घेणे शक्य असून इशारा दिला नाही, तर तो जबाबदार. मालाच्या खोक्यांवर पहिले इशारे छापले गेले ते १९६४ मध्ये, म्हणजे बोरेल यांची बहुतेक नोकरी झाल्यावर.

या निकालानंतर दाव्यांचा लोंढा आला. २६ ऑगस्ट १९८२ रोजी जॉन्स-मॅनव्हिलने दिवाळखोरीचा अर्ज केला. कंपनीचा धंदा तेव्हा नीट चालू होता. पुढे येणाऱ्या दाव्यांपासून संरक्षण मिळवणे हा हेतू होता. यातून पीडितांसाठी न्यासनिधीची पद्धत निघाली, १९९४ मध्ये तिला कायद्याचे रूप मिळाले आणि कितीतरी कंपन्या त्याच वाटेने गेल्या. निधी अपुरा पडला, तेव्हा मॅनव्हिलचा न्यास ठरलेल्या रकमेच्या दहा टक्केच देऊ लागला. रँड या संशोधन संस्थेच्या हिशेबाप्रमाणे २००२ पर्यंत अमेरिकेत सुमारे ७ लाख ३० हजार लोकांनी दावे केले आणि ७० अब्ज डॉलर खर्च झाले. त्यातला मोठा वाटा वकिलांच्या फीत आणि खटल्यांच्या खर्चात गेला. अमेरिकेच्या वाटेचे यश आणि तिची उधळपट्टी, दोन्ही पुढच्या प्रकरणांत मांडली आहेत.

तिसरी अडचण कारणाची. माणूस चार मालकांकडे राबला, मेसोथेलिओमा कुणाच्या धुळीने झाला हे विज्ञान सांगू शकत नाही. मग चौघेही सुटणार का? २००२ मध्ये फेअरचाइल्ड खटल्यात हाउस ऑफ लॉर्ड्सने सांगितले, ज्याने ज्याने धोका लक्षणीय वाढवला, तो तो जबाबदार. २००६ मध्ये त्याच सभागृहाने ही जबाबदारी मालकांत वाटून टाकली, तेव्हा संसदेने काही आठवड्यांतच कायदा करून मेसोथेलिओमाच्या रुग्णाला कोणत्याही एका मालकाकडून पूर्ण भरपाई मागण्याचा हक्क परत दिला.

गरीब देशांतल्या कामगारांसाठी सर्वांत मोलाचा निकाल २००० सालचा, लुबे विरुद्ध केप. दक्षिण आफ्रिकेतल्या पेंज इथल्या खाणीवर १९४९ मध्ये गेलेल्या एका डॉक्टरने पाहिले होते, की लहान मुले मोठ्या पोत्यांत उभी राहून अ‍ॅस्बेस्टॉस पायांनी तुडवत आहेत, डोक्यावर तंतूंचा वर्षाव चालू आहे आणि मुकादम हातात चाबूक घेऊन उभा आहे. अशा खाणींच्या आणि गिरण्यांच्या परिसरातले तीन हजारांहून अधिक लोक केप या ब्रिटिश मूळ कंपनीविरुद्ध लंडनला गेले. आपल्या देशात खटला चालवायला त्यांना वकील आणि पैसा मिळणार नाही, म्हणून तो इंग्लंडमध्येच चालावा, असे लॉर्ड्सनी ठरवले. इटलीतल्या काझाले मोन्फेर्रातो गावाच्या वाट्याला उलटे आले. एटर्निट कारखान्याच्या मालकाला तुरिनच्या न्यायालयांनी दोनदा दोषी ठरवले, पण २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मुदत टळल्याचे कारण देऊन शिक्षा रद्द केली. मुदतीचा काटा तिथे पुन्हा आडवा आला.

आता आपल्याकडे येऊ. युरोपीय संघाने २००५ पासून अ‍ॅस्बेस्टॉसवर बंदी घातली, जपान, ऑस्ट्रेलिया, कॅनडा यांनीही घातली. पिढ्यान्‌पिढ्या हे खनिज निर्यात करणाऱ्या कॅनडाने शेवटी स्वतःच्या देशात ते बंद केले. भारतात नव्या खाणपट्ट्यांना परवाने देणे १९८०च्या दशकात थांबले, पण रशिया, कझाकस्तान, ब्राझीलमधून क्रायसोटाइल येत राहिला. आज आपण त्याच्या मोठ्या आयातदारांत आहोत. तो प्रामुख्याने छपराच्या पत्र्यांत जातो. महाराष्ट्रातले गोठे, गोदामे, शाळांच्या पडव्या, झोपडपट्ट्या या पत्र्यांखाली आहेत. धड पत्रा जागेवर असताना फारशी धूळ सोडत नाही. तो कापताना, भोके पाडताना, वादळात फुटला की तुकडे गोळा करताना धूळ उडते. ती कामे करणारा माणूस नाक्यावरून रोजंदारीवर आणलेला असतो. त्याची हजेरी कुठल्याच वहीत नसते.

आपल्या न्यायालयाने काही केले नाही असे नाही. अहमदाबादच्या कन्झ्युमर एज्युकेशन अँड रिसर्च सेंटरने १९८६ मध्ये याचिका केली आणि २७ जानेवारी १९९५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला. कामगाराचे आरोग्य हा घटनेच्या २१व्या कलमातल्या जीविताच्या हक्काचा भाग मानला गेला. प्रत्येक कामगाराच्या आरोग्याची नोंद नोकरी लागल्यापासून किमान चाळीस वर्षे किंवा नोकरी सुटल्यावर पंधरा वर्षे, यातले जे नंतरचे असेल तोवर ठेवावी, असा आदेश झाला. आजार सिद्ध झालेल्यांना एक लाख रुपये भरपाई ठरली. चाळीस वर्षांची ही अट म्हणजे आजाराच्या कालमानाशी कायद्याचे कालमान जुळवण्याचा प्रयत्न होता. जगातल्या कुठल्याही निकालाशेजारी मी तो अभिमानाने ठेवीन. पण अंमलबजावणी त्या तोलाची झाली नाही. २०११ मध्ये बंदीची मागणी करणारी याचिका याचिकाकर्त्यांच्या हेतूवर ताशेरे ओढत फेटाळली गेली आणि १९९५चेच आदेश पाळा, असे न्यायालयाला पुन्हा सांगावे लागले.

आपल्या डॉक्टरांनीही काम केले आहे. मुंबईच्या ऑक्युपेशनल हेल्थ अँड सेफ्टी सेंटरचे डॉ. व्ही. मुरलीधर आणि विजय कान्हेरे यांनी मुंबईतल्या एका अ‍ॅस्बेस्टॉस कारखान्यातल्या कामगारांची तपासणी करून २००५ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. १८१ जणांपैकी ४१ जणांना अ‍ॅस्बेस्टोसिस होता. मेरवेदर आणि प्राइस यांना १९३० मध्ये इंग्लंडात आढळलेल्या प्रमाणाच्या जवळपास हे प्रमाण जाते. पाऊण शतकाच्या ज्ञानाने आपल्या कामगाराचे इतकेच रक्षण केले. १९२३च्या कामगार भरपाई कायद्याच्या यादीत अ‍ॅस्बेस्टोसिस आला, कारखाने अधिनियमाखाली तो कळवण्याचा आजार ठरला, राज्य विमा योजनेत त्याला लाभ मिळाला. तरी क्षय समजून रुग्ण वर्षानुवर्षे त्याचे औषध खातो, मग कुणीतरी कामाची चौकशी करते आणि तेव्हा कुठे खरे निदान होते.

क्रायसोटाइल इतर प्रकारांपेक्षा सौम्य आहे, काळजी घेतली तर तो सुरक्षित वापरता येतो, हे उद्योगाचे म्हणणे या पुस्तकात त्याच्याच बाजूने नीट मांडले आहे. ते मला पटत नाही. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने सगळ्या प्रकारांना, पांढऱ्यासकट, माणसात कर्करोग घडवणाऱ्या पदार्थांत धरले आहे. कारखान्याच्या चार भिंतींत काळजी घेता येईलही, पण पत्रा फाटकाबाहेर पडला की पुढची पन्नास वर्षे तो कोण कापेल, कोण फोडेल, यावर कुणाचाच ताबा नसतो. घातक रसायनांच्या व्यापारावरच्या रॉटरडॅम करारात क्रायसोटाइलची नोंद झाली तर बंदी येत नाही, आयात करणाऱ्या देशाला आधी धोका सांगावा लागतो, एवढेच. तेवढेही अनेक परिषदांत अडवले गेले आणि अडवणाऱ्यांत आपला देशही होता, याची मला खंत वाटते. फ्रान्सची क्लेमान्सो ही अ‍ॅस्बेस्टॉस असलेली विमानवाहू नौका गुजरातेतल्या अलंगला तोडायला निघाली, तेव्हा गदारोळानंतर २००६ मध्ये ती परत बोलावली गेली. त्या एका नौकेची बातमी झाली. अलंगला आणि मुंबईच्या दारूखान्यात वर्षानुवर्षे जहाजे तोडणाऱ्या हातांची झाली नाही.

हे पुस्तक कुणासाठी? युनियनच्या कार्यकर्त्यासाठी, कामगार न्यायालयात उभ्या राहणाऱ्या तरुण वकिलासाठी आणि तालुक्याच्या गावी छातीचा एक्स-रे उजेडाला धरणाऱ्या डॉक्टरसाठी. वैद्यकाची प्रकरणे वकिलाला आणि कायद्याची प्रकरणे डॉक्टरला कळतील अशा भाषेत लिहिली आहेत. घाई असेल त्याने भारतावरचे प्रकरण आधी वाचावे आणि मग रॉचडेलला जावे.

शंभर वर्षांच्या या खटल्यांतून माझ्या मनावर एक गोष्ट ठसली. जिथे जिथे कामगार जिंकला, तिथे कुणीतरी आधी लिहून ठेवलेले होते: निरीक्षकाचा अहवाल, डॉक्टरचा दाखला, युनियनची सभासद-वही, मालकांची आपापसातली पत्रे. जिथे कागद नव्हता तिथे सत्य असूनही दावा उभा राहिला नाही. आज जो मुलगा मास्कशिवाय पत्रे कापतो आहे, त्याला बाधा झालीच तर ती २०५० किंवा २०६० च्या सुमारास कळेल. तेव्हा त्याच्या बाजूने बोलणारा कागद आज तयार व्हायला हवा. कुठे काम केले, किती वर्षे, कुणाकडे आणि कुठल्या मालावर, हे चार प्रश्न प्रत्येक डॉक्टरने केसपेपरवर लिहावेत, प्रत्येक युनियनने आपल्या वहीत लिहावेत, आणि नाक्यावरच्या मजुराला बांधकाम कामगारांच्या कल्याण मंडळाने नोंदवून घेताना विचारावेत. बंदीची लढाई लांबेल, ती लढलीच पाहिजे. पण या नोंदींसाठी कुठल्याही परिषदेची वाट पाहावी लागत नाही, आणि १९९५ पासून तर देशाच्या सर्वोच्च न्यायालयाचे पाठबळही त्यांना आहे.